पान 38 वरचा हळदीचा डाग

आमच्या शाळेत वेगळा ग्रंथपाल नाही. आठवी ते दहावीला मी मराठी शिकवतो आणि ग्रंथालयाचा चार्जही माझ्याकडेच आहे. ग्रंथालय म्हणजे कार्यालयाशेजारच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं, एक देवघेव वही आणि खिडकीखालचं लांब बाकडं. गाव हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथच्या बाजूचं. घरोघरी हळद आहे. फेब्रुवारी-मार्चात काढणी आणि शिजवणी सुरू झाली की पोरांची हजेरी निम्म्यावर येते. जी येतात त्यांची बोटं पिवळी असतात. तो रंग साबणानं जात नाही, आणि घरी नेलेल्या पुस्तकाच्या पानांवर उतरतो. कोणी कुठपर्यंत वाचलं हे मला त्या दिवसांत विचारावं लागत नाही.

हे प्रकरण 2024-25 या शैक्षणिक वर्षातलं आहे. शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून दहा हजार रुपये दिले. अट एकच घातली, की गाईडं घ्यायची नाहीत, गोष्टीची पुस्तकं घ्यायची. मी ठरवलं की सगळे पैसे ऐतिहासिक आणि विज्ञान कादंबऱ्यांवर लावायचे. इतिहासानं अभिमान येईल, विज्ञानानं कुतूहल वाढेल, असा माझा तेव्हाचा सरळ हिशोब होता. तो कसा चुकला, आणि चुकल्यावर पुस्तक निवडण्याची माझी रीत कशी बदलली, ते सविस्तर लिहितो आहे. माझ्यासारखा ग्रंथालयाचा चार्ज असलेले शिक्षक गावोगाव आहेत.

पहिली खरेदी

जुलैत नांदेडला जाऊन मी पुस्तकं आणली. निवडताना डोळ्यांपुढं मीच होतो. रणजित देसाईंची 'स्वामी' मी अकरावीत असताना वाचली होती. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या माधवराव पेशव्यांसाठी रात्री कंदिलापाशी बसून रडलो होतो. ती घेतली. 'श्रीमान योगी' घेतली. देवगिरीच्या यादवांवरची एक घेतली. मराठवाडा मुक्तिसंग्रामावरची एक घेतली, कारण 17 सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन, तोंडावर होता. विज्ञानाची निवडताना मुखपृष्ठावर रॉकेट आहे ना, एवढंच पाहिलं, हे आज कबूल करायला हवं.

दिवाळीपर्यंत देवघेव वहीत चित्र स्पष्ट झालं. जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत परत येत होती. बाकीचे शिक्षक म्हणाले, पोरं मोबाइलला लागलीत, वाचणार कशी? मला ते पटलं नाही. हीच पोरं आठवडी बाजारातून भुताच्या गोष्टींची जुनी पुस्तकं आणून बाकाखाली धरून वाचतात.

कारण मला एका मुलाच्या प्रश्नातून कळलं. नववीतला मुलगा, एरवी शांत. पेशवाईवरचं पुस्तक परत करताना त्यानं विचारलं, "सर, उदगीरच्या लढाईत आपण कोणाकडून होतो?"

1760च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. ते उदगीर आमच्या मराठवाड्यातलं. मात्र हा मुलूख पुढं 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही त्या काळाला मोगलाई म्हणतात. मग त्या मुलाचा खापरपणजोबा लढाईच्या दिवशी कुठं होता? कोणाच्या फौजेला दाणावैरण देत होता, की शेत सोडून डोंगरात पळाला होता? पुण्याच्या वाड्यातल्या मसलती वाचून याचं उत्तर मिळत नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी अकरावीत रडलो, कारण ती माझी माणसं आहेत असं मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. या मुलानं ते गृहीत धरायला नकार दिला होता, आणि वाचक म्हणून तो माझ्यापेक्षा पुढं होता.

शनिवारचा ठेचा

डिसेंबरपासून मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मोठ्यानं वाचन सुरू केलं. जी पुस्तकं कोणी घेत नव्हतं त्यांतलीच दहा-बारा पानं वाचायची. असंच एकदा यादवकाळातल्या कादंबरीतलं एक प्रकरण चाललं होतं. सैनिक तळावर जेवायला बसलेत, ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा आहे. दहावीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "सर, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली ना?"

मी थांबलो. अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीवर स्वारी केली ती 1296 मध्ये. कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. मिरची मुळात अमेरिकेतली, आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आपल्याकडे आली. म्हणजे यादवांच्या ताटात ठेचा असणं शक्यच नव्हतं. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, तंबाखू, सगळ्यांची हीच कथा. वर्गात एकच गलका झाला. मग तिखट कशाचं खायचे? मिऱ्याचं, आल्याचं. शेंगदाण्याची चटणी नाही? नाही. एका मुलाला तर हे फार लागलं. "मग भाकरी कशाशी खायचे ओ?"

त्या आठवड्यात ते धूळ खात पडलेलं पुस्तक चार जणांनी नेलं. सगळे चुका शोधायला नेत होते, आणि चुका शोधता शोधता गोष्टीत अडकत होते. लेखकाची ही एक चूक म्हणून मी पुस्तक बाद केलं नाही. कादंबरी चांगली होती. पण मला एक धागा हाती लागला.

आमच्याकडं गोधडी शिवतात, वाकळ म्हणतात तिला. चांगल्या वाकळीत जुनं लुगडं कोणतं आणि नवं कापड कोणतं ते ओळखू येतं, टाका दिसतो, आणि तरी सगळं एकजीव असतं. ऐतिहासिक कादंबरीचं असंच आहे. काही कापड इतिहासाचं असतं: सनावळ्या, पत्रं, शिलालेख, कोण कुठं मेलं. काही लेखकाचं असतं: राणी त्या रात्री काय बोलली, घोड्याचं नाव काय होतं. लहान वाचकाला टाका कुठं आहे ते शोधता आलं पाहिजे. ज्याला ते येत नाही तो भाषणात कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून ठोकून देतो. आमच्याच शाळेत 17 सप्टेंबरच्या भाषणांत दोघांनी तसं केलं होतं, आणि मीच त्यांना बक्षीस दिलं होतं.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी शेवटची पानं आधी उघडतो. लेखकानं शेवटी किंवा प्रस्तावनेत सांगितलंय का, की यातलं अमुक पात्र काल्पनिक आहे, अमुक प्रसंगाला आधार आहे? असं एक पान असलेलं पुस्तक माझ्या दृष्टीनं मुलांच्या हाती द्यायला दुप्पट मोलाचं.

पान 38

आता या प्रकरणाचा गाभा. फेब्रुवारीत नववीतली एक मुलगी मुक्तिसंग्रामावरची ती कादंबरी परत घेऊन आली. कादंबरीचं नाव मी इथं देत नाही, कारण चूक लेखकापेक्षा माझी आहे. मुलगी मुसलमान घरातली, वर्गात सगळ्यांत जास्त वाचणारी.

"सर, हे परत घ्या."

"झालं का वाचून?"

"नाही. पुढं वाचू वाटंना."

"कामून?"

ती थोडा वेळ वहीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "यात आमच्यातलं एकपण माणूस चांगलं नाही. कुणाला नावसुद्धा नाही."

मी म्हणालो, "अगं, कादंबरीच आहे ती. मनावर घ्यायचं नसतं." तिनं सही केली आणि गेली. वर्षभर मी ज्या पोरांना सांगत होतो की पुस्तक मनावर घेऊन वाचा, त्यांतल्याच एकीला हे मी बोललो होतो.

संध्याकाळी पुस्तक घरी नेलं. पानांच्या कडेला तिच्या अंगठ्याचे पिवळे ठसे होते, नेमाने, प्रत्येक दोन-तीन पानांवर. पान 38 वर मोठा डाग होता, बहुधा बराच वेळ बोट तिथंच राहिलं असावं. त्यापुढचं पुस्तक कोरं. मी पेन्सिल घेऊन पहिली अडतीस पानं पुन्हा वाचली आणि माणसं मोजली. गावातल्या चौदा जणांना नावं होती. एकाचा गुडघा दुखत होता, एकीला गुळाचा खडा चघळायची सवय होती, एक पोरगं तोतरं होतं. मुसलमान माणसं येत होती ती घोड्याच्या टापा, बंदुका आणि आरोळ्या होऊन. कोणाला चेहरा नाही, घर नाही, भूक नाही.

निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी जे केलं ते खोटं नाही. गावागावांत त्याच्या खुणा आहेत, आणि मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मागं उभं राहून ज्यांनी मार खाल्ला, जीव दिला, त्यांच्या गोष्टी पोरांना कळल्याच पाहिजेत. पण इतिहासाचं कापड तेवढंच नाही. शोएबउल्ला खान हा हैदराबादचा तरुण संपादक 'इमरोज' या आपल्या उर्दू दैनिकातून रझाकारांविरुद्ध लिहीत होता. ऑगस्ट 1948 मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं. भारतीय फौजा 13 सप्टेंबरला निजामाच्या राज्यात शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती दिली. त्यानंतर गावांत मुसलमानांवर जे ओढवलं, ते पाहायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक वर्षं बंद राहिला, 2013 मध्ये लोकांसमोर आला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं आहेत. आमचं गाव नांदेडपासून लांब नाही. मी इतकी वर्षं 17 सप्टेंबरला झेंड्याखाली भाषण करतो, आणि यातलं एक वाक्य कधी बोललो नव्हतो.

पुस्तक कपाटातून काढून टाकावं का, हा विचार आला. एका सहकारी बाईंनी तसंच सुचवलं, कटकट नको म्हणून. मी काढलं नाही. काढलं असतं तर मुलीला कळलं असतं की तिच्या बोलण्यामुळं पुस्तक गेलं, आणि बाकीच्यांना काहीच कळलं नसतं.

पुढच्या शनिवारी, तिचं नाव न घेता, सगळ्यांना एक काम दिलं. हातातल्या कादंबरीची कुठलीही दहा पानं घ्या. नाव कुणाला आहे आणि कुणाला नाही, याची यादी करा. मला वाटलं होतं एका पुस्तकापुरतं काहीतरी निघेल. निघालं ते सगळ्याच कपाटाचं. एका शिवकालीन कादंबरीत गडावर पाणी वाहणाऱ्या माणसांना नावं नव्हती. एकीत नव्वद पानांपर्यंत बाईला नाव नव्हतं, सगळ्या अमक्याची आई, तमक्याची सून. एका विज्ञान कादंबरीत तीन शास्त्रज्ञ होते, आणि चहा आणणारी एक बाई. ती यादी फळ्यावर लिहिताना वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. मग उदगीरवाला मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे आमचे आजे-पणजे पाणी वाहणाऱ्यांत असतील." त्याला त्याचं उत्तर सापडलं होतं.

विज्ञानाच्या कपाटात

विज्ञान कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं होतं. आमच्या मुलांना विज्ञान नको असतं असं नाही, त्यांना गोष्टीत दडवलेला धडा नको असतो. दोन पात्रं गच्चीवर उभी राहून चार पानं ग्रहांची माहिती एकमेकांना सांगतात, ते मुलं लगेच ओळखतात. "सर, हे तर पुस्तकातलंच आहे," म्हणून परत.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ती मी समजत होतो त्याच्या उलटी निघाली. मला वाटायचं अवघड मराठी संज्ञा आड येत असतील. पण आमची पोरं मराठी माध्यमाची. गुरुत्वाकर्षण, प्रवेग, मुक्तिवेग हे त्यांचे रोजचे परीक्षेचे शब्द आहेत. दहावीच्या पोराला पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला 11.2 किलोमीटर हे पाठ असतं. तो अडखळतो त्याच मुक्तिवेगाला 'एस्केप व्हेलॉसिटी' असं देवनागरीत लिहिलेल्या अनुवादावर. शहरातल्या वाचकाला सोपा वाटणारा अनुवाद इथं अवघड ठरतो. त्यामुळं अनुवादित पुस्तक घेताना मी आता दुकानातच उभ्या उभ्या दोन पानं मोठ्यानं वाचतो.

टाक्याची कसोटी इथंही लागली. विज्ञान कादंबरीत लेखकाला एक मोठी सूट असते. काळात मागं जाता येतं, किंवा परग्रहावरून कोणी आलं आहे, हे एक मान्य करायचं. त्यानंतर मात्र त्यानं नियम पाळायचे. ज्यूल व्हर्ननं 1865 मध्ये माणसांना तोफेतून चंद्राकडं पाठवलं, भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला. तोफ उडताच त्या धक्क्यानं आतली माणसं वाचली नसती, हे दहावीच्या मुलाला गणितानं कळतं, आणि कळूनही गोष्ट आवडते. दुसऱ्या एका पुस्तकात मात्र मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्या बायकोशी फोनवर भांडतो, वाक्याला वाक्य. मंगळाहून संदेश यायला जवळात जवळ तीन मिनिटं लागतात, लांब असताना बावीसच्या आसपास. एका मुलानं ते भांडण मध्ये तितका वेळ थांबून वर्गात करून दाखवलं. चिडून बोलायचं, आणि मग वाट बघत बसायचं. त्या दोन माणसांची ताटातूट त्या वेळी सगळ्यांना कळली. लेखकाला ती हाती लागली नव्हती.

आमच्या तालुक्याला विज्ञानाचं एक दारही आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतातली वेधशाळा औंढ्याजवळ व्हायची आहे. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. पोरांना लायगो शब्द माहीत आहे, पण घरी तो जमिनीच्या भावाबरोबर ऐकलेला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कशासाठी, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा हेलकावा, म्हणजेच गुरुत्वीय लहर, 2015 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मोजला गेला, आणि तसाच हेलकावा मोजणारं यंत्र आपल्या शिवारात येणार आहे. त्या तासानंतर जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा शोधत मुलं आली. ती त्यांनी 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती, आपली आद्याक्षरं उलटी करून. हे सांगितल्यावर दोघांनी वहीवर आपापली उलटी नावं लिहून पाहिली.

खरा पूल बांधला तो मात्र 'गंगाधरपंतांचे पानिपत' या त्यांच्याच कथेनं. इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतो जिथं 1761 चं पानिपत मराठे जिंकले आहेत. एक गोळी, ती लागली की नाही, एवढ्यावर सगळा इतिहास वळतो. इतिहासाची आवड असलेले आणि विज्ञानाची आवड असलेले असे माझ्या वर्गात दोन तट पडले होते. या कथेवर ते पहिल्यांदा एकमेकांशी भांडले. तशीच त्यांची 'वामन परत न आला', जिच्यात खोदकामात एका जुन्या प्रगत संस्कृतीची पेटी सापडते आणि तिच्या आधारानं विचार करणारा यंत्रमानव घडवला जातो. मोबाइलमधल्या एआयशी रोज बोलणाऱ्या मुलांना ती जुनी वाटली नाही. माझा आता असा आग्रह आहे की दोन्ही प्रकारांची पुस्तकं वेगळ्या कप्प्यांत ठेवूच नयेत. मी ती एकाच फळीवर लावली आहेत.

एकदा मी सहज सांगितलं की एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. ही पोरं तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. एकानं विचारलं, "सर, ही विज्ञानकथा हाय का ऐतिहासिक?" आणि लगेच, "पुरावा काय?" मला फार बरं वाटलं.

दुसरी खरेदी

मार्चात उरलेल्या पैशांतून पुन्हा पुस्तकं आणली, या वेळी दोन मुलांना बरोबर नेऊन. त्याच सुमारास 'छावा' चित्रपट आला होता आणि शिवाजी सावंतांच्या मूळ कादंबरीसाठी वहीत रांग लागली होती. ती घेतली. पण ती नेणाऱ्याला बरोबर संभाजीराजांवरचं इतिहासाचं एक लहान पुस्तक न्यायची अट घातली. बाकीची सगळी अडीचशे पानांच्या आतली घेतली. दुकानात मुलांनी शेवटचं पान आधी उघडलं, मग मधली पानं काढून नावं मोजली. दुकानदार काका बघत राहिले. एका पालकांनी नंतर विचारलं की याचा मार्कांना काय उपयोग. मी म्हणालो, उपयोग नाही, आणि पुढच्या शनिवारी या म्हणालो. ते आले नाहीत.

ती मुलगी परीक्षेनंतर आली. मधल्या काळात तिनं ती कादंबरी न सांगता पुन्हा नेली होती, वहीत तिची सही होती. मी तिला शोएबउल्ला खानाबद्दल एका कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद पुस्तकात होता. पिवळे ठसे शेवटच्या पानापर्यंत गेले होते. पान 112 वर तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "दादी म्हणते असं नव्हतं." ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नाही हा नियम मीच केलेला आहे. मी ते खोडलं नाही.

"दादी काय म्हणाली?"

"जास्त नाही सांगत. सात वर्षांची होती. ज्या गावाहून रात्री निघाले त्याचं नाव सांगितलं फक्त. अन् म्हणली, ज्वारी तशीच उभी होती."

मग ती म्हणाली, "सर, ते कुणी लिहिलंय का? मराठीत? आमच्याएवढ्या पोरांसाठी?"

"शोधायलोय," मी म्हणालो.

दहा हजारांतले दीड हजार रुपये मी त्यासाठी पाकिटात बाजूला ठेवले आहेत. पाकीट देवघेव वहीत, तिच्या सहीच्या पानावर आहे.